पाचवे मिनिट : ब्रॅडली लाउरी आणि इंग्लंडमधील फुटबॉल पाठीराखे

सोमवार, 12 सप्टेंबर 2016 रोजी रात्री इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील संडरलंड शहरात, स्टेडियम ऑफ लाइट या मैदानावर, संडरलंड आणि एव्हर्टन यांच्यात प्रीमियर लीगचा सामना झाला. हा सामना एव्हर्टनने 3-0 असा जिंकला आणि तिन्ही गोल रोमेलू लुकाकूने केले, एवढे निकालाच्या नोंदीत सापडते. पाचव्या मिनिटाला जे घडले ते मात्र त्या नोंदीत नाही. खेळ चालू असतानाच यजमान संघाचे पाठीराखे एका लहान मुलाच्या नावाचा गजर करू लागले आणि पाहुण्यांच्या स्टँडमधून एव्हर्टनच्या पाठीराख्यांनीही त्यात आपला आवाज मिसळला. मुलाचे नाव ब्रॅडली लाउरी. तो पाच वर्षांचा होता, म्हणून पाचवे मिनिट. त्या रात्री तो संडरलंडचा मॅस्कॉट होता, म्हणजे सामन्यापूर्वी खेळाडूंचा हात धरून मैदानात येणारे मूल. त्याला न्यूरोब्लास्टोमा हा कर्करोग झालेला होता.

गंभीर आजारी मुलांना मैदानावर बोलावणे, खेळाडूंशी भेट घडवणे, सही केलेला शर्ट देणे हे इंग्लंडमधील क्लब वर्षानुवर्षे करत आले आहेत, आणि त्यातील बहुतेक भेटी त्या त्या कुटुंबाच्या आठवणीपलीकडे जात नाहीत. त्यात वावगे काही नाही. ब्रॅडलीच्या बाबतीत मात्र एका क्लबच्या पाठीराख्यांपासून सुरू झालेले स्वागत पुढील दहा महिन्यांत एव्हर्टन, चेल्सी आणि अखेरीस इंग्लंडच्या राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचले. त्याचे कारण केवळ मुलाच्या गोड हसण्यात किंवा प्रसारमाध्यमांच्या लक्षात शोधणे मला अपुरे वाटते. माझ्या वाचनाप्रमाणे कारण असे आहे की गर्दीने त्याला जे दिले ते सारे गर्दीकडे आधीपासूनच होते. नावाचा गजर, संघासोबत मैदानात उतरण्याचा मान, गोल आणि गोलनंतरचा जल्लोष या गोष्टी आवडत्या खेळाडूसाठी आणि आपल्यातल्या माणसासाठी राखून ठेवलेल्या असतात. त्या एका आजारी मुलाला जशाच्या तशा, काही कमी न करता देण्यात आल्या.

मूल आणि आजार

ब्रॅडलीचा जन्म 17 मे 2011 रोजी झाला. त्याचे कुटुंब डरहॅम परगण्यातील ब्लॅकहॉल कॉलिअरी या किनारपट्टीवरील गावात राहत होते. नावावरूनच कळते त्याप्रमाणे हे गाव कोळशाच्या खाणीभोवती वसलेले आहे. खाण 1981 मध्ये बंद झाली. संडरलंडचे मैदानही 1997 मध्ये मंकवेअरमथ या बंद पडलेल्या खाणीच्या जागेवर उभे राहिले, आणि मैदानाबाहेर खाणकामगारांच्या दिव्याची मोठी प्रतिकृती आहे. हा तपशील मी मुद्दाम देतो. खाणी गेल्यानंतर या पट्ट्यातील अनेक गावांना एकत्र धरून ठेवणाऱ्या गोष्टी फार थोड्या उरल्या, आणि लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा शर्ट त्यांतील एक आहे. अशा घरातले मूल संडरलंडचे पाठीराखे असणे हा निवडीचा भाग कमी आणि वारशाचा अधिक असतो. त्यामुळे ब्रॅडली स्टेडियम ऑफ लाइटवर आला तेव्हा तो परका नव्हता. तो आधीच त्यांचा होता.

तो साधारण दीड वर्षाचा असताना, 2013 च्या सुरुवातीला, त्याच्या आजाराचे निदान झाले. न्यूरोब्लास्टोमा हा अपरिपक्व चेतापेशींपासून उद्भवणारा कर्करोग असून तो बहुधा मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत किंवा पाठीच्या कण्यालगतच्या चेतातंतूंच्या साखळीत सुरू होतो. तो प्रामुख्याने पाच वर्षांखालील मुलांना होतो आणि ब्रिटनमध्ये दरवर्षी सुमारे 100 मुलांमध्ये आढळतो. दीर्घ उपचारांनंतर ब्रॅडलीचा आजार आटोक्यात आला होता, परंतु 2016 च्या उन्हाळ्यात तो उलटला. उलटलेल्या न्यूरोब्लास्टोमावर खात्रीचा उपाय नाही. न्यूयॉर्कमधील एका प्रतिपिंड उपचारासाठी कुटुंबाने 7 लाख पौंड उभे करण्याचे ठरवले, आणि सप्टेंबरमधील तो सामना याच धडपडीच्या मध्यावर आला.

त्या सामन्याच्या निमित्ताने एव्हर्टनने या निधीला 2 लाख पौंडांची देणगी जाहीर केली. रक्कम मोठी होतीच, पण ती प्रतिस्पर्धी क्लबने दिली होती, आणि पुढे जे घडले त्यात या गोष्टीला अधिक महत्त्व आहे. एव्हर्टन हा लिव्हरपूल शहरातील क्लब; संडरलंडशी त्याचा शेजार नाही, विशेष वैरही नाही आणि देणे लागण्याचे काही कारणही नाही. त्या क्षणापासून ब्रॅडलीची गोष्ट एका क्लबची राहिली नाही. इतर देणगीदारांच्या मदतीने निधी उद्दिष्टापलीकडे गेला.

पाचवे मिनिट

वयाइतक्या मिनिटाला टाळ्या वाजवण्याची किंवा नाव घेण्याची पद्धत इंग्लिश फुटबॉलमध्ये रुळलेली आहे. ती बहुधा निधन पावलेल्या व्यक्तीसाठी वापरली जाते. मृत खेळाडूच्या शर्टावरील क्रमांकाच्या मिनिटाला संपूर्ण मैदान उभे राहते. जिवंत मुलासाठी ती वापरण्यात एक धोका होता. तो म्हणजे गजर श्रद्धांजलीसारखा ऐकू येण्याचा. तसे झाले नाही, कारण पाठीराख्यांनी निवडलेला घोष शोकाचा नव्हता. अमुक तमुक एकच आहे, त्याच्यासारखा दुसरा नाही, असे लयीत सांगणारा तो घोष इंग्लंडच्या प्रत्येक मैदानावर आवडत्या गोलवीरासाठी म्हटला जातो, आणि त्यात फक्त नाव बदलावे लागते. पाच वर्षांच्या मुलाच्या कानावर पडले ते एवढेच की हजारो मोठी माणसे संडरलंडचा गोलवीर जर्मेन डिफो याचे नाव ज्या चालीत घेतात त्याच चालीत आता आपले घेत आहेत.

या पद्धतीची खरी ताकद तिच्या साधेपणात आहे. हजारो लोकांना एका क्षणी एक गोष्ट करायला लावणे अवघड असते. घड्याळातील एक मिनिट ठरवून दिले की ते सोपे होते, कारण मोठा पडदा सगळ्यांना दिसतो, चाल सगळ्यांना पाठ असते आणि कुणाला पुढाकार घेण्याचा संकोच वाटत नाही. खेळही थांबत नाही. मौन पाळायचे तर पंचांची शिट्टी आणि उद्घोषकाचे निवेदन लागते. पाचव्या मिनिटाच्या गजराला कुणाची परवानगी लागत नाही. तो पाठीराख्यांचा स्वतःचा असतो.

त्यातही पाहुण्या पाठीराख्यांच्या सहभागाला वेगळे मोल आहे. इंग्लंडमध्ये पाहुण्या संघाच्या लोकांना वेगळ्या कोपऱ्यात, कर्मचाऱ्यांच्या रांगेपलीकडे बसवले जाते, आणि दोन्ही बाजूंमधील नव्वद मिनिटांचे संभाषण बहुतांशी टोमण्यांचे असते. जी चाल कौतुकासाठी वापरतात तीच शब्द बदलून चिडवण्यासाठीही वापरतात. अशा व्यवस्थेत दोन्ही बाजूंनी एकच नाव, एकाच अर्थाने घेणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि मैदानावर नित्य जाणाऱ्या माणसाला ती लगेच जाणवते. एव्हर्टनच्या त्या लोकांनी सामना जिंकला, नेहमीप्रमाणे संडरलंडची खिल्लीही उडवली असेल. पण त्या एका मिनिटापुरती त्यांनी बाजू सोडली.

14 डिसेंबरची पेनल्टी

डिसेंबर 2016 मध्ये डॉक्टरांनी कुटुंबाला सांगितले की आजार पसरला आहे आणि आता तो बरा होणार नाही. न्यूयॉर्कच्या उपचाराची शक्यता संपली. याच महिन्यात, बुधवार 14 डिसेंबर रोजी, चेल्सीचा संघ संडरलंडला आला आणि ब्रॅडली पुन्हा मॅस्कॉट झाला.

सामन्यापूर्वीच्या सरावाच्या वेळी त्याला पेनल्टी घेण्यासाठी चेंडू देण्यात आला. गोलमध्ये चेल्सीचा गोलरक्षक आस्मिर बेगोविच होता. पूर्ण वाढीच्या माणसांसाठी आखलेल्या त्या मैदानावर पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून 11 मीटरवर असतो, आणि गोलचे खांब एकमेकांपासून 7.32 मीटर अंतरावर असतात. पाच वर्षांच्या मुलाला ती चौकट केवढी दिसत असेल याची कल्पना करावी. ब्रॅडलीने चेंडू मारला, तो बेगोविचला चुकवून जाळ्यात गेला आणि स्टँडमधून खऱ्या गोलला उठतो तसा आवाज उठला. प्रत्यक्ष सामना चेल्सीने 1-0 असा जिंकला. दोन्ही क्लबच्या पाठीराख्यांनी त्या रात्री ब्रॅडलीच्या नावाचा गजर केला.

पुढे बीबीसीच्या मॅच ऑफ द डे या कार्यक्रमाने डिसेंबर महिन्यातील सर्वोत्तम गोलचा मान ब्रॅडलीच्या या पेनल्टीला दिला. मँचेस्टर युनायटेडच्या हेनरिख मखितारियानने संडरलंडविरुद्धच, चेंडूच्या पुढे झेपावत टाचेने मारलेला असामान्य गोलही त्याच महिन्यातला होता, आणि हा मान दोघांत विभागला गेला. काहींना हा भावनेचा अतिरेक वाटू शकेल. मला तो या प्रकरणातील सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो. आजारी मुलाला धैर्याचे पदक देणे सोपे असते. मोठी माणसे अशी पदके सहज वाटतात, आणि ती घेताना मुलाला आपल्या आजाराचीच आठवण करून दिली जाते. गोलचा मान मात्र गोलसाठी असतो. ब्रॅडलीला चेंडू मारल्याबद्दल बक्षीस मिळाले, आजारी असल्याबद्दल नाही. पाच वर्षांच्या मुलाला हा फरक शब्दांत सांगता येणार नाही, पण तो त्याला कळत नाही असे मी मानत नाही.

त्या नाताळात त्याच्या नावे जगभरातून अडीच लाखांहून अधिक शुभेच्छापत्रे आली.

डिफो

गर्दीच्या या प्रेमाला एका माणसाचा आधार मिळाला नसता तर ते इतके टिकले असते का, याबद्दल मला शंका आहे. जर्मेन डिफो त्या हंगामात संडरलंडचा प्रमुख गोलवीर होता आणि ब्रॅडलीचा सर्वांत आवडता खेळाडू. ब्रॅडली मॅस्कॉट म्हणून आला तेव्हा दोघांची ओळख झाली. पुढे डिफो कॅमेऱ्याविनाही त्याला भेटत राहिला. फेब्रुवारी 2017 मध्ये संघातील काही सहकाऱ्यांसह तो रुग्णालयात गेला, तेव्हाचे एक छायाचित्र सर्वत्र पोहोचले. त्यात रुग्णालयातील पलंगावर डिफो आडवा झाला आहे आणि ब्रॅडली त्याच्या कुशीत झोपी गेला आहे. त्या छायाचित्रात ना शर्टाचे प्रदर्शन आहे, ना हसून दिलेली पोज. लहान मूल विश्वास असलेल्या माणसाजवळच असे गाढ झोपते.

रविवार, 26 मार्च 2017 रोजी वेम्बली मैदानावर इंग्लंड आणि लिथुआनिया यांच्यात विश्वचषक पात्रता फेरीचा सामना होता. 34 वर्षांच्या डिफोला तीन वर्षांहून अधिक काळानंतर राष्ट्रीय संघात बोलावले होते. ब्रॅडली त्याचा हात धरून मैदानात आला. 21 व्या मिनिटाला डिफोने गोल केला. इंग्लंडसाठी त्याचा तो चार वर्षांतील पहिला गोल होता. इंग्लंडने सामना 2-0 असा जिंकला. वेम्बलीवर त्या दिवशी देशभरातल्या क्लबचे पाठीराखे एकत्र बसलेले होते, ज्यांत शनिवारी एकमेकांचे तोंडही न पाहणारे अनेक असतील. सप्टेंबरमध्ये दोन क्लबांनी जे केले होते त्याचे हे मोठे रूप होते.

दरम्यान संडरलंडचा हंगाम वाईट चालला होता. एप्रिलच्या अखेरीस क्लब प्रीमियर लीगमधून खालच्या लीगमध्ये घसरला आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात डिफो बोर्नमथ या क्लबकडे गेला. हे मी नोंदवतो कारण त्या वर्षी संडरलंडच्या लोकांकडे साजरे करण्यासारखे फारसे नव्हते. हरणाऱ्या संघाच्या पाठीराख्यांनी एका मुलाला उसने सुख दिले असे म्हणणे अर्धवट ठरेल. त्यांनाही त्याची गरज होती, आणि ती गरज खोटी नव्हती.

स्वागताच्या मर्यादा

अशा स्वागताचे गुण सांगताना त्याच्या मर्यादांकडे डोळेझाक करणे बरोबर नाही. पहिली मर्यादा शारीरिक आहे. कर्करोगावरील औषधांनी रोगप्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलाला दाट गर्दीत नेणे म्हणजे संसर्गाचा धोका पत्करणे. थंडी, गोंगाट, उशिरापर्यंतचे जागरण हे निरोगी मुलालाही थकवतात, आणि या उपचारांतील काही औषधे श्रवणशक्तीवरही परिणाम करतात. म्हणून भेट कधी थांबवायची हे ठरवण्याचा अधिकार पालकांकडे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडेच असावा लागतो. क्लबने सगळी तयारी करूनही मूल ऐन वेळी आले नाही, तर कुणालाही वाईट वाटू नये अशी व्यवस्था आधीपासून असायला हवी.

दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. मूल लाडके झाले की त्याच्यावर हक्क सांगणारे लोक वाढतात. प्रत्येक क्लबला, प्रत्येक वाहिनीला त्याची भेट हवी असते, आणि सतत हसत राहण्याची अपेक्षा नकळत त्याच्या खांद्यावर येते. याच्या तुलनेत नेदरलँड्समधील एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. त्याच सप्टेंबरमध्ये, रॉटरडॅमच्या डे काइप मैदानावर फेयेनूर्ड विरुद्ध एडीओ डेन हाग या सामन्यात, पाहुण्या डेन हागच्या पाठीराख्यांनी वरच्या स्टँडमधून खालच्या स्टँडमध्ये बसलेल्या सोफिया बालरुग्णालयातील मुलांवर मऊ खेळण्यांचा अक्षरशः वर्षाव केला. अस्वले, ससे, माकडे हवेतून खाली येत होती आणि मुले हात वर करून ती झेलत होती. तिथे कोणत्याही एका मुलाचे नाव पुढे आले नाही, कुणाच्या निदानाची चर्चा झाली नाही, आणि तरी स्वागत पूर्ण झाले. जिथे कुटुंबाला प्रसिद्धी नको असेल तिथे ही रीत अधिक योग्य ठरते. ब्रॅडलीच्या कुटुंबाला मात्र निधीसाठी प्रसिद्धीची गरज होती, आणि त्यांनी ती जाणीवपूर्वक स्वीकारली. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. कोणता घ्यायचा हे क्लबने किंवा पाठीराख्यांनी ठरवायचे नसते.

तिसरी मर्यादा माझ्या मनात सर्वांत जास्त रुतून बसली आहे. ब्रिटनमध्ये वर्षाला याच आजाराचे निदान होणाऱ्या सुमारे शंभर मुलांपैकी एकाचे नाव मैदानाने घेतले. उरलेल्यांसाठी कुणी गजर केला नाही. त्यात पाठीराख्यांचा दोष नाही. गर्दीचे प्रेम एका चेहऱ्यावर जडते, यादीवर जडत नाही. पण त्या प्रेमातून आलेला पैसा आणि लक्ष त्या एका मुलापाशीच संपले असते, तर हे प्रकरण माझ्या लेखी अपुरे राहिले असते.

नंतर

6 जुलै 2017 रोजी बोर्नमथच्या पत्रकार परिषदेत ब्रॅडलीविषयी विचारले गेले तेव्हा डिफोला अश्रू आवरले नाहीत. दुसऱ्या दिवशी, शुक्रवार 7 जुलै रोजी, ब्रॅडलीचे निधन झाले. तो सहा वर्षांचा होता. 14 जुलै रोजी ब्लॅकहॉल कॉलिअरीत त्याच्या अंत्यविधीसाठी लोक रस्त्यांच्या दुतर्फा उभे राहिले. काळ्या कपड्यांऐवजी त्यांच्या अंगात फुटबॉलचे शर्ट होते, संडरलंडचे आणि इतर अनेक क्लबांचेही. डिफो स्पेनमधील सराव शिबिरातून त्यासाठी परत आला.

न्यूयॉर्कच्या ज्या उपचारासाठी लोकांनी पैसे दिले होते तो झालाच नाही, आणि अशा वेळी निधीचे काय करायचे हा प्रश्न कुटुंबासमोर उभा राहतो. देणगीदारांनी पैसा एका मुलासाठी दिलेला असतो. ते मूल आता नसते. ब्रॅडलीच्या पालकांनी त्याच्या नावाने संस्था उभी केली. जी मुले त्यांच्या आजारावरील उपचारांसाठी निधी उभारत आहेत त्यांच्या कुटुंबांना ती मोहीम कशी चालवायची यात मदत करणे हे तिचे मुख्य काम आहे. आजारी मुलांना कुटुंबासह सुट्टी घालवता यावी यासाठी स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी घर उभारण्याचा उपक्रमही तिने हाती घेतला. वर जी तिसरी मर्यादा मी नोंदवली, तिचे उत्तर गर्दीला देता आले नव्हते. ते या पालकांनी दिले.

या प्रकरणाचा एक कटू उपसंहार सहा वर्षांनी घडला. 29 सप्टेंबर 2023 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर शेफील्ड वेन्सडे आणि संडरलंड यांच्या सामन्यात यजमानांच्या एका पाठीराख्याने, संडरलंडच्या लोकांना डिवचण्यासाठी, मोबाइलवर ब्रॅडलीचे छायाचित्र उंचावून दाखवले आणि तो हसत राहिला. त्याला अटक झाली, त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. 12 आठवड्यांची स्थगित कैद आणि फुटबॉल सामन्यांना जाण्यास पाच वर्षांची बंदी अशी शिक्षा त्याला झाली. मात्र न्यायालयाचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी शेफील्ड वेन्सडेचेच पाठीराखे पुढे आले होते. आपल्या क्लबचा शर्ट घातलेल्या माणसाने हे केले याची त्यांना लाज वाटली, आणि त्यांनी अवघ्या काही दिवसांत हजारो पौंड जमवून ते ब्रॅडलीच्या नावाच्या त्या संस्थेला दिले.